ज्या ओळीला गुण नाहीत

वर्गासाठी वेबसाइट बनवणं हे आता विद्यार्थ्यांच्या आयुष्यातलं अगदी नेहमीचं काम झालं आहे. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, पीएचपी सगळं आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षी त्याचाच मोठा प्रोजेक्ट होतो. मुंबईकडे त्याचं काळ्या बांधणीचं, सोनेरी अक्षरांचं ‘ब्लॅक बुक’ करून घेतात आणि ठरलेल्या दिवशी बाहेरचे परीक्षक लॅबमध्ये बसून ती वेबसाइट उघडतात. मुखपृष्ठ नजरेखालून घालतात, दोन-तीन लिंका दाबतात, एखादा फॉर्म भरून बघतात, चार प्रश्न विचारतात. सही होते, गुण पडतात, आणि बहुतेक वेळा त्यानंतर ती वेबसाइट कुणीच उघडत नाही. या साध्या कामात एक जुना आणि अवघड धर्मप्रश्न आहे. फळाची आशा सोडून कर्म करावं, असं गीता सांगते. शेतकऱ्याला हे सांगणं समजू शकतं: त्याने मनातून फळ सोडलं तरी ज्वारी उगवते आणि कुणाच्या तरी ताटात भाकरी होऊन येते. सुतार, शिंपी, परिचारिका, या सगळ्यांच्या कामाला मोबदल्याखेरीज स्वतःचं असं प्रयोजन असतं. विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टचं तसं नाही. तो गुणांसाठीच नेमून दिलेला असतो आणि गुण पडले की संपतो. त्यातून गुण काढून घेतले तर काय उरतं? काहीच उरत नसेल, तर निष्काम कर्माची शिकवण विद्यार्थिदशेला लागूच पडत नाही असं म्हणावं लागेल. आणि आयुष्याची पहिली वीस-बावीस वर्षं जी लागू पडत नाही, ती पुढे नोकरी लागल्यावर एकदम कुठून लागू पडणार?

माझं म्हणणं असं, की उरतं. आणि काय उरतं हे वेबसाइटच्या बाबतीत जितकं स्वच्छ दाखवता येतं तितकं शाळा-कॉलेजातल्या दुसऱ्या कुठल्या कामात क्वचितच. कारण वेबसाइटला दोन अंगं असतात. एक पडद्यावर दिसतं. दुसरं त्यामागच्या ओळींत असतं आणि डोळ्यांनी बघणाऱ्याला ते कधीच भेटत नाही. समजा, एका विद्यार्थिनीने लोणारच्या सरोवरावर वेबसाइट केली. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर म्हणजे अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. त्यातलं एरवी हिरवट दिसणारं खारं पाणी जून २०२० मध्ये एकाएकी गुलाबी झालं, वर्तमानपत्रांत फोटो झळकले, आणि पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की हा रंग खारटपणात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे आला. साहजिकच या मुलीच्या मुखपृष्ठावर तोच गुलाबी फोटो आहे, वर मोठ्या अक्षरांत ‘आपले सहर्ष स्वागत’ आहे, खाली सरकत्या चित्रांची पट्टी आहे. परीक्षकांना हे सगळं दिसतं आणि आवडतं.

आता हेच पान मागून बघू. फोटो पानावर आणणाऱ्या टॅगमध्ये फाइलचं नाव लिहितात आणि त्याच्या शेजारी ‘ऑल्ट’ नावाची एक जागा असते. चित्र ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी चित्रात काय आहे हे तिथे शब्दांत लिहायचं असतं. दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या आवाजावर. त्यातला एनव्हीडीए हा पूर्णपणे मोफत मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली त्याची सुरुवात केली. ऑल्ट लिहिलेलंच नसेल तर स्क्रीन रीडर ते चित्र गाळून पुढे जातो, किंवा नुसतं ‘ग्राफिक’ म्हणतो, आणि चित्रावर लिंक असेल तर कित्येकदा फाइलचं नाव वाचून दाखवतो: ‘लोणार अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर दोन’. मथळ्यांचंही तसंच. एचटीएमएलमध्ये मथळ्यासाठी वेगळे टॅग आहेत, आणि दृष्टिहीन वाचक ‘एच’ची कळ दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातो, जसं आपण पान चाळतो. पण मथळा म्हणून साधाच मजकूर मोठा आणि ठळक केला असेल, तर डोळ्याला काहीच फरक कळत नाही आणि कळ दाबणाऱ्याला मात्र ते पान सलग, बिनमथळ्याचं लागतं. सगळ्यात बोलकी जागा तर पानाच्या अगदी सुरुवातीला आहे. व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबलं की नव्या पानाचा सांगाडा आपोआप तयार मिळतो आणि त्यात पानाची भाषा इंग्रजी अशी नोंदलेली असते. विद्यार्थिनी त्याखाली सगळा मजकूर मराठीत लिहिते, पण ती नोंद बदलायची राहून जाते. मग स्क्रीन रीडर त्या नोंदीवर विसंबून मराठी मजकुराला इंग्रजीचा आवाज लावू शकतो. तिथे ‘एमआर’ ही दोन अक्षरं टाकली तर त्याला मराठीचा आवाज निवडता येतो. इतकंच काय, काही देवनागरी फॉन्ट त्या दोन अक्षरांमुळे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने काढतात.

या कुठल्याही ओळीला गुण नाहीत. गुण देखण्या मुखपृष्ठाला आहेत, चालणाऱ्या फॉर्मला आहेत, डेटाबेसशी जोडणी झाली का याला आहेत. हा दोष विद्यार्थ्यांचा मानू नये. अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठातली वेबएम ही संस्था दरवर्षी जगातल्या दहा लाख वेबसाइटींची मुखपृष्ठं यंत्राने तपासते, आणि गेली कित्येक वर्षं त्यांतल्या सुमारे ९५ टक्के पानांवर सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही पान वापरता यावं यासाठी ठरलेल्या नियमांचा भंग सापडतो. फिकट पार्श्वभूमीवर फिकट अक्षरं आणि ऑल्ट नसलेली चित्रं हे त्यांतले नेहमीचे भंग. ही पानं पगार घेणाऱ्या, अनुभवी माणसांनी केलेली आहेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची सुगम्यतेची पहिली नियमावली १९९९ सालची आहे, म्हणजे माहिती नव्हती ही सबबही चालत नाही. जिथे फळ लागतं तिथे लक्ष जातं आणि जिथे लागत नाही तिथे जात नाही, एवढंच याचं साधं कारण. मला वाटतं, गीतेचा प्रश्न इथे अगदी उघडावागडा समोर येतो.

फलत्यागाचा अर्थ आपण बहुधा मनाच्या एका अवस्थेशी जोडतो: इच्छा नसणं, अलिप्त असणं. तसं असेल तर परीक्षेला बसलेल्या मुलाला तो सांगण्यात अर्थ नाही, कारण गुणांची इच्छा नसलेला विद्यार्थी एक तर सिद्ध पुरुष असेल नाही तर वर्गच बुडवत असेल. पण मराठीत ज्यांनी हा विषय सर्वांत खोलवर नेला त्यांनी तो असा मांडलेला नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत दुसऱ्या अध्यायाबद्दल बोलताना विनोबा असा मुद्दा काढतात, की फळाचा विचार सोडणाऱ्याचं काम फळ धरणाऱ्याच्या कामापेक्षा सरस व्हायला हवं, कारण फळ धरणाऱ्याचं काही लक्ष फळाच्या चिंतनात खर्च होतं आणि सोडणाऱ्याचं सगळंच कामाला मिळतं. म्हणजे फलत्याग ही लक्ष कुठे द्यायचं याची गोष्ट झाली. तरीही एवढ्यावर थांबता येत नाही. सरकत्या चित्रांच्या पट्टीत रात्र रात्र रमलेला मुलगाही गुण विसरलेला असतो; तोही कामात बुडालेला असतो. त्याला निष्काम म्हणायचं का? माझ्या मते नाही, कारण त्याच्या लक्षाचं टोक वळून स्वतःच्याच कौशल्यावर आलेलं असतं. इथे टिळकांचा आधार घ्यावा लागतो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी कर्मयोग लोकसंग्रहाशी घट्ट बांधला: ज्ञानी माणसानेही कर्म करत राहायचं ते लोकांसाठी. विनोबांचं लक्ष आणि टिळकांचे लोक एकत्र घेतले की मला फलत्यागाचा जो अर्थ दिसतो तो असा: हे काम ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडे लक्ष वळवणं, विशेषतः कामाच्या त्या भागात, जिथे आपल्याला काहीही मिळणार नाही. आणि असा फलत्याग मनात डोकावून तपासावा लागत नाही. तो पानाच्या ओळींत वाचता येतो.

यावर कुणी म्हणेल की हे सगळं शब्दांचं झालं. फळ डोळ्यापुढे असल्याने कामात खरोखर फरक पडतो का? याबद्दल १९७३ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, मुळातच रंगीत पेनांनी चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रशस्तिपत्र चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुलं काय करतात ते पाहिलं, तर आधी आमिष दाखवलेल्या गटाचं चित्रं काढणं इतरांपेक्षा बरंच कमी झालेलं होतं. अचानक बक्षीस मिळालेल्या गटाचं मात्र कमी झालं नव्हतं. या निष्कर्षाची व्याप्ती किती यावर मानसशास्त्रात पुढे पुष्कळ वाद झाला, आणि तो असायलाही हवा. मला त्यात महत्त्वाची वाटते ती मधल्या गटाची गोष्ट. बक्षीस तेच, चांदणीही तीच. फरक एवढाच की एका गटाने ते मनात धरून हात चालवला आणि दुसऱ्याने नाही. गीता फळ घेऊ नकोस असं म्हणत नाही. फळाला कर्माचा हेतू करू नकोस असं म्हणते. या दोन गोष्टी एकच आहेत असं समजून तिच्यावर जो दांभिकतेचा आरोप होतो, त्याला बालवाडीतल्या त्या मुलांनी दिलेलं उत्तर पुरेसं नसेल, पण दुर्लक्ष करण्याजोगंही नाही.

वारकरी परंपरेत काम आणि भक्ती वेगळी मानलेली नाहीत. सावता माळी मळ्यात राहिले, सेना न्हावी आपल्या धंद्यात, जनाबाई दळणकांडणात. ज्ञानदेवांनीही अठराव्या अध्यायावर लिहिताना स्वतःच्या कर्मालाच पूजेच्या फुलांच्या जागी ठेवलं. पण याच परंपरेत तेरच्या गोरोबा कुंभारांची कथा आहे, आणि ती इतकी परिचित झाली आहे की तिची धार आपल्याला जाणवेनाशी झाली आहे. गोरोबा चिखल तुडवत होते, मन विठ्ठलाच्या भजनात रंगलं होतं, आणि रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली आलेलं त्यांना कळलं नाही. कीर्तनात ही कथा बहुधा तल्लीनतेचं टोक म्हणून सांगतात. पण कथा तिथे थांबत नाही. त्यांच्या पत्नीचा आक्रोश तिच्यात आहे, शपथ आहे, गोरोबांनी स्वतःचे हात तोडून घेण्यापर्यंतचं सगळं दुःख आहे, आणि पंढरपुरात मूल परत मिळेपर्यंत ती पुरी होत नाही. परंपरेने हे दुःख झाकलेलं नाही याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो. नजर वर लागलेली, अगदी सर्वांत पवित्र गोष्टीवर लागलेली असली, तरी पायाखाली कोण आलं हे बघायची जबाबदारी संपत नाही, असं या कथेतून मी घेतो. विठ्ठलावर लागलेलं चित्तही जर या जबाबदारीतून सुटत नाही, तर गुणांवर लागलेलं कसं सुटणार? ज्या मुलीच्या पानावर सगळ्यांचं सहर्ष स्वागत आहे आणि ज्या पानात दृष्टिहीन मुलाला पाऊल टाकता येत नाही, तिने त्याला हाकललेलं नाही. तिला तो दिसलाच नाही. तिचा अभ्यासक्रमही तिला खाली बघायला सांगत नव्हता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो सगळ्यांत जड आहे. ज्या विद्यार्थ्याच्या घरी संगणक नाही, लॅबमध्ये एका संगणकावर तिघे बसतात, वीज गेली तर तास वाया जातो, आणि ज्याची पुढची शिष्यवृत्ती या गुणांवर अवलंबून आहे, त्याला न दिसणाऱ्या ओळींचा धर्म सांगणं हे पोट भरलेल्याचं तत्त्वज्ञान नाही का? या आक्षेपातलं दुःख खरं आहे, आणि गुणांची गरज असणाऱ्याने गुण मिळवावेत यात काहीही कमी प्रतीचं नाही. पण हिशेब नीट मांडून बघावा. लोणारच्या त्या फोटोचं वर्णन लिहायला एक मिनिट लागतं. भाषेच्या नोंदीत दोन अक्षरं बदलायला काही सेकंद. मथळ्याला मथळ्याचा टॅग लावणं हे तर अक्षरं ठळक करण्यापेक्षा सोपं. वेळ खातात त्या सरकत्या पट्ट्या, उडत येणारी अक्षरं, कॅमेऱ्यातून काढले तसे चढवलेले पाच-पाच एमबीचे फोटो. आणि ही सजावट महाग पडते ती पुन्हा गरिबालाच. लोणारवरचं पान लोणारमधल्याच एखाद्या घरातल्या स्वस्त फोनवर, अर्ध्या नेटवर्कवर उघडत नसेल, तर ते पान त्या मुलाच्या स्वतःच्या माणसांनाही बाहेर ठेवतं. शिवाय धर्माची मागणी कुणावरही ऐपतीबाहेर नसते. ज्याला खरोखर तेवढाही वेळ नाही त्याच्यावर माझा काही आरोप नाही. ज्याला आहे त्याने तो कुठे घालवला, एवढंच मी विचारतो आहे.

दुसरा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. ही वेबसाइट कुणी दृष्टिहीन माणूस उघडणारच नाही. मुळात कुणीच उघडणार नाही. ती लॅबच्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर जन्मते आणि तिथेच संपते. मग कर्तव्य कुणाविषयी? याला एक सोपं उत्तर आहे: हा सराव आहे, आज लागलेली सवय उद्या नोकरीत कामी येईल. गवई बंद खोलीत रियाज करतो तेव्हा ऐकायला कुणी नसतं, तरी तो सूर चुकवून चालत नाही. हे उत्तर खरं आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही, कारण त्यात फळच एका सालाऐवजी पाच सालांवर ढकललेलं आहे. मला त्याहून मुळातलं काही म्हणायचं आहे. वेबवरचं पान ही जात्याच कुणालाही उद्देशून केलेली गोष्ट आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत १९८९ साली ज्या कल्पनेचा आराखडा मांडला, तिचा गाभाच हा होता की संगणक कोणताही असो, माहिती उघडता यावी. आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते सगळं तंत्र कुणालाही विनामूल्य वापरायला मोकळं केलं. अशा माध्यमात ‘आपले स्वागत’ असं लिहिणारा माणूस एक विधान करत असतो, आणि ते विधान ऐकायला आज कुणी नसलं म्हणून त्याचं खरेखोटेपण थांबून राहत नाही. निर्जन रस्त्यावर लावलेली दिशादर्शक पाटी चुकीची असेल तर ती चुकीचीच असते. सत्याला साक्षीदार लागतो असं आपल्या परंपरेने कधीच मानलेलं नाही. म्हणून मी या ओळींना आधी सत्याच्या बाजूने बघतो आणि मग करुणेच्या. मराठी पानावर इंग्रजीची नोंद असणं हे, कुणाला त्रास होवो न होवो, असत्य आहे.

व्यवहारी वाचक म्हणेल की एवढं तत्त्वज्ञान कशाला, गुणपत्रकात सुगम्यतेचे पाच गुण टाका, प्रश्न मिटला. ते पाच गुण जरूर टाकावेत, आणि लवकर टाकावेत. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुविधांपर्यंत पोचण्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला आहे. अभ्यासक्रमाने आता त्याची दखल घ्यायलाच हवी. व्हायवाला परीक्षकांनी पडदा बंद करून, एनव्हीडीए लावून, विद्यार्थ्याला स्वतःच्याच वेबसाइटवरचा फॉर्म भरायला सांगावं. अर्ध्या तासात वर्गाला जे कळेल ते कुठल्या धड्याने कळणार नाही. पण गुण ठेवल्याने काय मिळेल आणि काय नाही हेही ओळखून असावं. ऑल्टला गुण आहेत म्हटल्यावर ऑल्टच्या जागा भरल्या जातील: ‘इमेज’, ‘फोटो एक’, ‘लोणार’. क्रोमसोबत मिळणारं लाइटहाउस हे तपासणीयंत्र तिथे काही लिहिलं आहे का एवढंच बघतं. लिहिलेलं खरं आणि उपयोगाचं आहे का, हे त्याला कळत नाही. ‘लोणार सरोवर’ एवढं लिहिलं तरी यंत्र खूश होतं, पण त्या फोटोचं त्या पानावर असण्याचं कारणच त्यात नाही. ‘जून २०२० मधलं लोणार सरोवर; एरवी हिरवट दिसणारं पाणी काठापासून काठापर्यंत गुलाबी झालेलं, भोवती विवराचा झाडीने भरलेला उतार’ असं लिहिलं, तर न बघणाऱ्यालाही कळतं की इथे काय घडलं. रंग न पाहिलेल्याला गुलाबी म्हणजे काय कळणार, असा प्रश्न काही जण विचारतात. ज्यांना स्क्रीन रीडर लागतो त्यांतल्या अनेकांनी रंग पाहिलेले असतात, काहींना थोडं दिसतही असतं. आणि ज्याने कधीच पाहिले नाहीत तोही याच जगात राहतो, त्या महिन्यात लोणारबद्दल सगळे कशाने चकित झाले होते हे त्यालाही कळायला हवंच. पहिल्या वर्णनाला आणि दुसऱ्याला गुण सारखेच पडतील. त्या दोहोंमधलं जे अंतर, ते कुठल्याही गुणपत्रकाच्या हाती लागत नाही. तिथे वाचणाऱ्याची कदर असेल तरच लिहिणारा जातो.

राहिला आजचा प्रश्न. आता ही सगळी वेबसाइट यंत्राला चार वाक्यं सांगून मिळते; त्याआधीही तयार टेम्प्लेटं होतीच. मग हे कर्म कुणाचं, आणि त्यातला धर्म कुणाला विचारायचा? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असंही तिथे म्हटलं आहे. या दृष्टीने सगळं माझ्या एकट्याच्या हातचं हवं, हा हट्ट वेबसाइटच्या बाबतीत कधीच खरा नव्हता. फॉन्ट कुणी तरी काढला, ब्राउझर कुणी तरी लिहिला, देवनागरीला युनिकोडमध्ये जागा कुणी तरी मिळवून दिली. तेव्हा साधनं वापरण्यात दोष नाही. दोष दोन ठिकाणी येतो. शिक्षकांनी स्वतः करून शिकण्यासाठी दिलेलं काम यंत्राकडून करून घेऊन आपलं म्हणून पुढे करणं, ही सरळ लबाडी आहे आणि तिला कुठलंही तत्त्वज्ञान झाकू शकत नाही. दुसरा दोष जास्त सूक्ष्म आहे. यंत्र ऑल्टही लिहून देतं: ‘डोंगरांनी वेढलेला गुलाबी तलाव’. ते चुकीचं नाही. पण हे पान कशाबद्दल आहे, फोटो कोणत्या महिन्याचा आहे, आधी पाणी कसं दिसायचं, हे त्या फोटोत नसतं. ते पान करणाऱ्या मुलीला माहीत असतं. करणं वाढली, चेष्टा यंत्राकडे गेल्या, म्हणून पाचांतला कर्ता नाहीसा होत नाही. उलट हाताचं काम जितकं कमी होतं तितकं कर्त्याकडे एकच काम स्पष्टपणे उरतं: समोर आलेली ओळ वाचणं, ज्याच्यासाठी ती आहे तो माणूस डोळ्यांपुढे आणणं, आणि मग ती ठेवायची की पुसून पुन्हा लिहायची हे ठरवणं. ज्या विद्यार्थिनीने हे केलं तिच्या ओळीला गुण मिळोत वा न मिळोत, ती तिची आहे. आणि ती वाचायचाही कंटाळा करून जिने ‘सबमिट’ दाबलं, तिच्या पानाखाली नाव तिचं असलं तरी त्या ओळीपुरता कर्ता कुणीच नाही.